दोन ग्लासांचा प्रयोग

"वहिनी, दोन ग्लास द्या काचेचे. एकसारखे बघून द्या. आणि पाणी एकाच घागरीतलं."

आतून शालनवहिनींचा आवाज आला, "पाव्हणं येणार हायती व्हय?"

"नाही. गोळ्या विरघळवून बघायच्यात."

"दोन ग्लासात?"

"एकात आमची, एकात त्यांची."

अण्णाप्पानं इस्त्री विटेवर ठेवली. टेबलावर माझाच शर्ट होता. एक बाही झाली होती, दुसरी व्हायची होती. तो म्हणाला, "म्हंजे कुस्तीच की ओ साहेब."

"कुस्तीच. उद्या खरी आहे. आज सराव."

सन दोन हजार दोनचा मार्च महिना. अण्णाप्पा परीट आणि त्याची बायको शालन यांचं इस्त्रीचं दुकान सांगलीत विश्रामबागच्या एका गल्लीत होतं आणि त्यावरच्या खोलीत मी भाड्यानं राहत असे. मी म्हणजे प्रमोद उगारे, बी.एस्सी. केमिस्ट्री, एका परदेशी औषध कंपनीचा एमआर. हातात काळी बॅग, गळ्यात टाय आणि भर उन्हात चेहऱ्यावर प्रसन्नता एवढं जमलं की केमिस्ट्री विसरली तरी चालायची. शर्ट मात्र कडक लागायचा. त्यामुळं आईवडील सोडले तर माझा सगळ्यात जास्त संबंध अण्णाप्पाशी होता.

आमची कंपनी एचआयव्हीवरच्या गोळ्या विकायची. औषध चांगलंच होतं. अडचण एवढीच होती की इथल्या दोन-तीन कंपन्यांनी तेच औषध बनवायला घेतलं होतं आणि आमच्या एका पाकिटाच्या पैशात त्यांची दोन पाकिटं येऊन वर चहापाण्यापुरतं उरायचं. तेव्हापासून डॉक्टर माझ्याशी फार सौजन्यानं वागायला लागले होते. ज्याची गोळी खपत नाही अशा एमआरशी डॉक्टर नेहमीच सौजन्यानं वागतात.

यावर आमचे मॅनेजर सबनीस यांनी उपाय काढला. कोल्हापूरच्या एका हॉटेलात आम्हा सगळ्यांना बोलावून, जेवणाआधी त्यांनी दोन ग्लासांचा प्रयोग करून दाखवला. "एक शब्द खोटा बोलायचा नाही," ते म्हणाले. "दोन ग्लास मांडायचे, दोन गोळ्या सोडायच्या आणि घड्याळाकडं बघायचं. निष्कर्ष डॉक्टरांना काढू दे." मग प्रत्येकाला त्यांनी रिपोर्टच्या कोऱ्या फॉर्मसोबत पॉलिश पेपरचा एकेक तुकडा दिला. गोळीवर एक पातळ कवच असतं. आपल्या गोळीवरचं तेवढं हलक्या हातानं घासून काढायचं. रंग राहिला पाहिजे, कवच जायला पाहिजे. मी रोज सकाळी दाढी झाली की दोन गोळ्या घासत असे. बत्तीस देशांत विकल्या जाणाऱ्या गोळीला सांगली जिल्ह्यात पॉलिश पेपर लागत होता.

तर वहिनींनी ग्लास आणून इस्त्रीच्या टेबलाच्या कडेला ठेवले. मी बॅगेतून दोन्ही गोळ्या काढल्या आणि एकाच वेळी पाण्यात सोडल्या. मग सबनीसांनी शिकवल्याप्रमाणं घड्याळाकडं बघत उभा राहिलो.

आमची गोळी तळाशी टेकायच्या आतच फुगली. कडा सुटल्या, पाणी गढूळ झालं, आणि सव्वा मिनिटात ग्लासाच्या बुडाशी नुसतं पीठ उरलं. शेजारच्या ग्लासात त्यांची गोळी खड्यासारखी पडून होती. पाणी स्वच्छ होतं. आरपार गल्लीतली सायकल दिसत होती.

मी आजवर वीस-बावीस डॉक्टरांपुढं हा प्रयोग केला होता, पण इतके लक्ष देऊन बघणारे प्रेक्षक मला मिळाले नव्हते. वहिनी वाकून दुसऱ्या ग्लासाकडं बघत होत्या.

"ही पांढरी कुठली ओ?" अण्णाप्पानं विचारलं.

"देशी."

"विरघळंना की."

"वेळ घेते जरा."

"पोटात गेल्यावर तर विरघळती न्हवं?" वहिनी म्हणाल्या.

मी ग्लास उचलून हलवला. गोळी काचेवर टणटण वाजली. मी म्हणालो, "आता पोटात काय होतं ते कुणी बघितलंय वहिनी."

मला माहीत होतं. हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला संशयाचा फायदा द्यायला नको. अण्णाप्पा आणि वहिनी दोघंही ती पांढरी गोळीच घेत होते, हे मला माहीत होतं. दीड वर्षापूर्वी अण्णाप्पाचा ताप हटेना, वजन उतरलं, तेव्हा त्याला मिरजेला डॉक्टर मगदूमांकडं मोटारसायकलवर मीच नेलं होतं. रिपोर्ट आला तेव्हा बाहेरच्या बाकावर शेजारी मीच बसलो होतो. नंतर वहिनींचा रिपोर्ट आला. तोही तसाच. गल्लीत एका माणसाला कळलं असतं तर दुकानात एक रुमालसुद्धा आला नसता, कारण लोक ज्याच्याकडं कपडे टाकतात त्याच्या हाताचा विचार एकदा करायला लागले की थांबत नाहीत. त्यामुळं ते फक्त मला माहीत होतं. डॉक्टरांनी दोघांना ती गोळी चालू केली आणि सहा महिन्यांत अण्णाप्पा पुन्हा दोन लॉजच्या चादरी एकटा ओढायला लागला. त्याच्यासारखा माणूस आमच्या कंपनीचं गिऱ्हाईक होऊ शकत नाही हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. त्यामुळं त्याला मी त्या हिशेबात धरलंच नव्हतं. सराव करताना माणूस कुणासमोर करतोय हे बघत नाही. आरशासमोर करतो तसा मी त्यांच्यासमोर केला.

एवढं एक वाक्य बोलायचं होतं: आमची घासलेली आहे. बोललो नाही. एक तर दुसऱ्या दिवशी सबनीस येणार होते. दुसरं म्हणजे, खरं सांगायचं तर, प्रयोग फार छान झाला होता.

"कंपनीकंपनीत फरक असणारच की," अण्णाप्पा बायकोला म्हणाला. "साहेबांचं शिक्षण त्यातलंच हाय." आणि त्यानं इस्त्री उचलून माझ्या दुसऱ्या बाहीवर फिरवली.

दुसऱ्या दिवशी सबनीसांना घेऊन मी डॉक्टर मगदूमांच्या दवाखान्यात गेलो. मगदूम साठीचे, बुटके, हाफ शर्टातले. ते एमआर लोकांना दुपारी एक वाजता बोलवत आणि स्वतः डबा खात खात ऐकत. माझा प्रयोग त्यांनी भाकरीचा घास हातात धरून शेवटपर्यंत बघितला. आमचं पीठ झालं. त्यांचा खडा राहिला. सबनीस घड्याळाकडं बघत होते.

"छान," डॉक्टर म्हणाले. "उगारे, तुमच्या गोळ्यांचं नवं पाकीट आहे का बॅगेत? फोडा."

मी सबनीसांकडं बघितलं. सबनीसांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. मी पाकीट फोडलं.

डॉक्टरांनी त्यातली एक गोळी घेऊन स्वतःच्या पाण्याच्या तांब्यात टाकली आणि झाकण न लावता भाकरी खात राहिले. पाच मिनिटं आम्ही तिघं तांब्यात बघत होतो. गोळी जशीच्या तशी होती.

"हवेतल्या दमटपणाचा परिणाम," सबनीस म्हणाले.

"सांगलीत? मार्चमध्ये?" डॉक्टर हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "अहो, औषध तेच आहे. तुमचं पेटंट तिकडं. आपल्याकडं सत्तर सालच्या कायद्यानं औषधावर पेटंट नाही, बनवायच्या कृतीवर आहे. आमटी कुणाच्या बापाची नाही, फोडणी वेगळी दिली की झालं. दोन हजार पाचला कायदा बदलणार म्हणतात. तोवर माझे पेशंट जगू देत. चहा घेणार?"

चहा घेतला. परत येताना सबनीस एकदाच बोलले. "तुम्ही जरा जास्त घासता, उगारे."

मला मात्र हलकं वाटत होतं. डॉक्टर फसले नव्हते म्हणजे कुणाचं काही नुकसान झालं नव्हतं, असा मी हिशेब केला. आदल्या दिवशी इस्त्रीच्या टेबलाशी दोन माणसं उभी होती, ती त्या हिशेबात पुन्हा राहून गेली.

मे महिन्यात लग्नसराई होती. अण्णाप्पाच्या दुकानात शालूंचा ढीग पडला होता. मी शर्ट घ्यायला गेलो तर त्यानं इकडंतिकडं बघून आवाज बारीक केला.

"साहेब, एक आनंदाची गोष्ट सांगतो. ती पांढरी सोडली. आता तुमचीच चालू केली."

"माझी?"

"तुमच्या कंपनीची की ओ. स्टेशनाजवळच्या मेडिकलमदनं आणतो. डोळ्यांनी बघितल्यावर ती खडी कोण खाईल?"

"अण्णाप्पा, परवडतं का तुला ते?"

"बसवलंय की. एका मंगल कार्यालयाचं काम धरलंय. वरनं शालनचा भाऊ देतोय कायतरी."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"त्येंना कशाला? रागवायचं. त्येंनी लिहिलेली गोळी सोडली म्हटल्यावर वाईट वाटतंय माणसाला."

आता पुन्हा ते एक वाक्य बोलायची वेळ होती. मी घसा साफ केला. म्हणालो, "अरे, जुनी पण चालते की. ती वाईट नाही. उलट आता त्या कंपनीनं सुधारणा केल्यात तिच्यात. आता विरघळते ती."

अण्णाप्पा माझ्याकडं बघतच राहिला. मग वळून आत ओरडला, "शालन, ऐकलंस काय? साहेब सवताची गोळी सोडून दुसऱ्याची घ्या म्हणायलेत. आपला खर्च वाचावा म्हणून!"

वहिनी दारात आल्या. डोळ्यांत पाणी होतं. "देवमाणूस हायसा," त्या म्हणाल्या.

यावर काय बोलायचं हे सबनीसांनी शिकवलं नव्हतं. मी शर्ट घेतला आणि वर गेलो. खरं वाक्य बोलायला त्यानंतर आणखी अवघड झालं, कारण आता मला ते देवमाणसाच्या तोंडून बोलायचं होतं.

मी स्वतःची समजूत काढली. औषध तर तेच आहे. महाग घेतायत, पण घेतायत. दोघंही घेतायत म्हणजे दोघंही ठीक राहतील. जास्तीचे पैसे जातायत, तर मी भाडं वाढवून देईन. भाडं अण्णाप्पाकडं जात नव्हतं, घरमालकाकडं जात होतं, पण असल्या वेळी माणूस तपशिलात शिरत नाही. आज इतक्या वर्षांनी मी एका कॉलेजात मार्केटिंग शिकवतो. ग्राहकाचा विश्वास हा विषय मला दरवर्षी शिकवावा लागतो. मुलं म्हणतात, सर हा टॉपिक तुम्ही फार आटोपशीर घेता.

जूनमध्ये आकडे आले. आमच्या गोळ्यांचा खप सांगली विभागात महिन्याला एका पाकिटानं वाढला होता. सबनीसांनी फोन करून अभिनंदन केलं. "सुरुवात आहे," ते म्हणाले. दोन माणसं गोळ्या घेतायत तर दोन पाकिटं वाढायला हवी होती. एकच कसं वाढलं, हा प्रश्न बी.एस्सी. झालेल्या माणसाला पडायला हरकत नव्हती. पडला नाही. की पडला आणि अण्णाप्पा दुसरं पाकीट दुसऱ्या मेडिकलमधून आणत असेल असं म्हणून मी त्याला बाजूला बसवलं, हे आता आठवत नाही. आठवत नाही असं म्हणणं मला सोयीचं आहे, एवढं खरं.

त्या पावसाळ्यात वहिनी माझ्याशी फार चांगलं वागायला लागल्या. शर्टाची घडी देताना त्यावर शेवंतीची दोन फुलं यायची. एकदा डब्यातून शेंगदाण्याची पोळी आली. दारात दिसलो की म्हणायच्या, "तुमच्यामुळं ह्येंचं चाललंय बघा साहेब. तुमी नसता तर आमी काय केलं असतं?" मला वाटायचं, डॉक्टरांकडं नेलं त्याबद्दल म्हणतायत. मी म्हणायचो, "अहो, त्यात काय." पोळी चांगली झाली होती.

ऑगस्टमध्ये डॉक्टर मगदूमांनी डबा खाता खाता विचारलं, "उगारे, तुमचा तो इस्त्रीवाला आणि त्याची बायको दिसत नाहीत. चार महिने झाले."

"कामात असतील," मी म्हणालो.

"गोळ्या चालू आहेत ना?"

"हो हो. चालू आहेत."

"सांगा त्याला येऊन जायला. या औषधात खंड पडला की आजार शहाणा होतो. मग ऐकत नाही."

मी अण्णाप्पाला सांगितलं. तो म्हणाला, जातो. मी म्हणालो, नक्की जा. इतकं स्पष्ट सांगितल्यावर माझी जबाबदारी संपली, असं मला त्या वेळी मनापासून वाटलं.

गणपतीत अण्णाप्पा खोकायला लागला. घटस्थापनेपर्यंत लॉजच्या चादरी वहिनी ओढायला लागल्या आणि तो खुर्चीत बसून घड्या घालायला लागला. माझे शर्ट तो तरीही स्वतःच करायचा. एकदा कॉलरला डाग पडला. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा कापड जाळलं होतं. तो इतका शरमला की मला शर्टाची किंमत देऊ लागला. मी घेतली नाही, आणि त्याबद्दल मला स्वतःचं कौतुक वाटलं.

दिवाळीनंतर वहिनींनी त्याला रिक्षात घालून मिरजेला सरकारी दवाखान्यात नेलं. छातीत पाणी झालं होतं, क्षयही निघाला. डॉक्टर मगदूम तिथं आठवड्यातून दोनदा मानद म्हणून जात. त्यांनी मला निरोप पाठवला, तेव्हा मी इस्लामपूरला एका डॉक्टरच्या दारात टाय सारखा करत होतो.

वॉर्डाबाहेरच्या जिन्यात डॉक्टर उभे होते. डबा नव्हता. डब्याशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो.

"उगारे, खरं सांगा. किती महिने देताय त्याला सॅम्पल?"

"कसली सॅम्पल?"

"त्याची बायको म्हणते, बाजारातून एक पाकीट आणतात ते ती घेते. नवऱ्याच्या गोळ्या तुम्ही फुकट देता. साहेबांकडं सॅम्पल येतात, दर महिन्याला मला दुकानातच आणून देतात, असं त्यानं तिला सांगितलंय. एप्रिलपासून."

जिन्यातून एक आया बादली घेऊन वर गेली. आम्ही बाजूला झालो.

"असल्या औषधाची सॅम्पल नसतात," मी म्हणालो. "मी काही दिलेलं नाही."

"मला ते माहीत आहे. तिला नाही." डॉक्टरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "म्हणजे एप्रिलपासून तो काहीच घेत नाही. आठ महिने. एकच पाकीट परवडत होतं, ते बायकोला. ती ठणठणीत आहे. तिचे आकडे बघितले मी आज, माझ्यापेक्षा बरे असतील." मग ते थांबले. "मला एवढंच कळत नाही. त्या जुन्या गोळीत दोघांचं व्यवस्थित चाललं होतं. त्यांच्या डोक्यात हे घातलं कुणी?"

मी म्हणालो, "मी."

डॉक्टरांनी चष्मा लावला. त्यांना सगळं समजायला फार वेळ लागला नाही. त्यांनी तो प्रयोग बघितलेला होता.

"त्यांना दाखवलात?" ते म्हणाले. "त्यांना?"

मग ते जिना उतरून गेले. त्यानंतर माझी बदली होईपर्यंत ते मला दुपारी एकला आत घेत राहिले, पण मी बोलायला लागलो की डबा बंद करून ठेवत.

वॉर्डात अण्णाप्पा भिंतीकडच्या खाटेवर होता. वहिनी चहा आणायला खाली गेल्या होत्या. मला बघून त्यानं उठायचा प्रयत्न केला. मी खांद्याला धरून त्याला परत टेकवलं. हाताला फक्त हाड लागलं.

"डॉक्टरनी सांगितलं असंल तुमास्नी," तो म्हणाला.

"हो."

"माफी करा साहेब."

"कशाची?"

"तुमचं नाव खोटंच वापरलं न्हवं. तुमाला न इचारता. शालन ऐकंना, दोघांची पाकिटं आणा म्हणून बसली. मग म्हटलं, साहेब देतात मला. तुमचं नाव घेतल्यावर गप बसली." तो धाप लागल्यासारखा हसला. "लई फुलं दिली तिनं तुमाला. मला आतनं लाज वाटायची."

मी स्टूल ओढलं आणि बसलो. ते वाक्य आता बोलणं भाग होतं. आठ महिने ते तोंडात होतं, पण तेव्हा बोललो असतो तर त्याचा काही उपयोग झाला असता.

"अण्णाप्पा, ऐक. त्या दोन गोळ्यांत काही फरक नव्हता. मी आमच्या गोळीवरचं कवच घासून काढलं होतं. पॉलिश पेपरनं. म्हणून ती लवकर विरघळली. ती युक्ती होती. विकायची. तुझी जुनी गोळी चांगली होती. ती तेच औषध होती."

त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी एकदा हललं आणि त्यानं ते तिथंच थांबवलं. मी बघितलं ते. मग तो मान हलवायला लागला, हळूहळू.

"डॉक्टरनी शिकवलं व्हय हे? मी परत ती पांढरी चालू करावी म्हणून?"

"नाही. खरं सांगतोय."

"मागं बी तुमी असंच म्हणला हुता. सुधारलीया म्हणून." त्याचा आवाज समजुतीचा होता, लहान मुलाशी बोलावं तसा. "तुमाला माझी दया येती साहेब. म्हणून बोलताय. मी डोळ्यांनी बघितलंय न्हवं."

"अण्णाप्पा—"

"न्हाई न्हाई. असलं बोलू नका." त्यानं माझं मनगट धरलं. त्या हातात अजून इस्त्रीवाल्याची पकड होती. "एवढंच सांगा. शालनला दिली ती गोळी चांगली हाय न्हवं?"

"चांगली आहे."

"सगळ्यात चांगली?"

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा आमच्याकडं बघत होता. मी म्हणालो, "हो. सगळ्यात."

"मग झालं तर," अण्णाप्पा म्हणाला, आणि त्यानं मनगट सोडलं.

मी बाहेर आलो. व्हरांड्यात वहिनी चहाचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. दार उघडंच होतं, आणि त्या किती वेळ तिथं उभ्या होत्या हे मी विचारलं नाही. त्यांनी तांब्या कठड्यावर ठेवला, पदराच्या गाठीतून घडी घातलेला कागद काढला आणि उलगडला. मेडिकलची पावती होती.

"माझं पाकीट शनवारी संपतंय साहेब," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "आता कुठली आणू?"

"जुनी," मी म्हणालो. "पांढरी."

"तीच लागू पडंल?"

"पडेल. दोन्ही एकच आहेत."

त्या पावतीकडं बघत राहिल्या. बोटानं त्यांनी आकड्याखाली रेघ ओढल्यासारखं केलं. त्यांना आकडे वाचता येत होते. दुकानाचं सगळं त्याच बघायच्या. ओठ हलत होते. मग ते थांबले.

"एवढ्यात दोघांचं येत हुतं," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो.

त्यांनी कागद पहिल्यासारखाच घडी घातला, कडा जुळवून, आणि गाठीत बांधला. तांब्या उचलला. दाराशी जाऊन त्या माझ्याकडं न वळता म्हणाल्या, "हे आत परत बोलू नका. चहा गार हुतोय, त्येंना देते."